ब्रायटनची छत्री : परक्या टेकडीवरच्या चितांची आठवण कोणी राखली?

१/२४
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन हे शहर आहे. त्याच्या उत्तरेला, पॅचम गावाच्या वरच्या अंगाला, गवताळ टेकड्यांवर पांढऱ्या संगमरवराची एक छत्री उभी आहे. तेथवर मोटार जात नाही; पायवाटेने चढून जावे लागते. दरवर्षी जून महिन्यातील एका रविवारी माणसांचा एक मेळा ही वाट चढतो. त्यात पगडीधारी शीख असतात, पदके लावलेले निवृत्त ब्रिटिश सैनिक असतात, आसपासचे रहिवासी असतात. ज्या ५३ भारतीय सैनिकांना हे सारे अभिवादन करतात, त्यांचे दहन पहिल्या महायुद्धाच्या काळात याच जागी झाले.

२/२४
वानवडीतील महादजी शिंदे यांची छत्री पाहिलेल्या वाचकाला 'छत्री' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. वीराच्या दहनस्थानी स्मारक उभारण्याची ही आपली जुनी रीत. ती इंग्लंडच्या टेकडीवर कशी पोहोचली, हे कागदपत्रांवरून सांगता येते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र पुढचा आहे. बांधणारे निघून गेल्यावर, सत्ता बदलल्यावर आणि दोन्ही देशांना विसर पडल्यावर तेथे दिवा कोणी लावला? या धाग्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पाहू.

३/२४
ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. फ्रान्समध्ये ब्रिटिश सैन्य अपुरे पडू लागले, तेव्हा हिंदुस्थानातून लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन मुंबई व कराची बंदरांतून रवाना झाल्या. २६ सप्टेंबर १९१४ रोजी लाहोर डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या. पुढच्याच महिन्यात त्या बेल्जियम व उत्तर फ्रान्समधील खंदकांत होत्या. युद्धकाळात पश्चिम आघाडीवर गेलेल्या भारतीयांची संख्या १ लाख ३० हजारांहून अधिक होती. त्यांत सैनिक होते आणि मजूरही.

४/२४
या सैन्यात महाराष्ट्राचा वाटा होता. पुण्याजवळच्या खडकी छावणीतील 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स', म्हणजे आजचे बॉम्बे सॅपर्स, यांच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील नव्ह शापेल गावावर चालून गेल्या. सोबत ४७ वी शीख पलटण होती. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग पेरणारा सैनिक; त्या दिवशी मात्र ते गल्लीगल्लीत पायदळासारखे लढले. या दोन कंपन्यांचे जवळजवळ सर्व अधिकारी ठार वा जखमी झाले. मराठा पलटणी मात्र प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या.

५/२४
जखमी भारतीयांना जहाजाने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणले जाई. ब्रायटनमध्ये त्यांच्यासाठी मोठी रुग्णालये उघडण्यात आली. त्यांपैकी एक होते चक्क राजवाड्यात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन नॅश या वास्तुशिल्पीने हिंदुस्थानी घाटाचे घुमट चढवलेला 'रॉयल पॅव्हिलियन' डिसेंबर १९१४ मध्ये भारतीय जखमींनी भरून गेला. झुंबरांखाली खाटांच्या रांगा लागल्या. शहरातील सर्व रुग्णालये मिळून सुमारे १२ हजार भारतीय सैनिकांवर उपचार झाले.

६/२४
पॅव्हिलियनमध्ये धर्म आणि जात यांनुसार नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू व मुसलमान यांच्यासाठी पाण्याचे नळ वेगळे होते. शिखांसाठी तंबूत गुरुद्वारा उभारला होता. फलक उर्दू, हिंदी व गुरुमुखीत होते. ही व्यवस्था काळजीपोटी होती, तशीच ती प्रचारासाठीही होती. राजवाड्यात आराम करणाऱ्या सैनिकांची छायाचित्रे हिंदुस्थानात मुद्दाम पसरवण्यात आली. बादशहा आपल्या शिपायांची किती निगा राखतो, हे नव्या भरतीला दाखवायचे होते.

७/२४
त्याच शहरातील 'किचनर' रुग्णालयाचे चित्र वेगळे होते. तेथे भोवताली काटेरी तार होती, पहारा होता आणि परवानगीवाचून बाहेर पडण्यास मज्जाव होता. जखमी सैनिकांनाच नव्हे, तर भारतीय कर्मचाऱ्यांनाही ही बंदी लागू होती. १९१५ साली जगू गोडबोले या सब-असिस्टंट सर्जनाने या कैदेविरुद्धच्या संतापातून रुग्णालयाचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन याला गोळी घालण्याचा प्रयत्न केला. सीटन वाचला, गोडबोले तुरुंगात गेला. ब्रायटनची आठवण काढताना झुंबरे आणि काटेरी तार ही दोन्ही लक्षात ठेवणे भाग आहे.

८/२४
जे रुग्णालयात दगावले, त्यांच्या अंत्यविधीचा प्रश्न होता. मुसलमान सैनिकांचे मृतदेह वोकिंग येथील शाहजहान मशिदीकडे पाठवले जात. १८८९ साली बांधलेल्या या मशिदीजवळच त्यांच्यासाठी दफनभूमी राखून ठेवली होती. हिंदू आणि शीख मृतांसाठी पॅचमच्या टेकडीवर काँक्रीटचे चौथरे बांधून दहनघाट तयार केला गेला. सहकारी सैनिक आणि कर्मचारी चिता रचत. पुढे अस्थी व रक्षा इंग्लिश खाडीत सोडली जाई. गंगा नव्हती, गोदावरी नव्हती. जो समुद्र ओलांडून आले, त्याच समुद्राच्या पाण्यात विसर्जन झाले.

९/२४
प्रत्येकाच्या वाट्याला हेही आले नाही. न्यू फॉरेस्टमधील ब्रॉकनहर्स्ट येथील भारतीय रुग्णालयात सुखा नावाचा सफाई कामगार जानेवारी १९१५ मध्ये मरण पावला. तो बरेलीचा होता, तथाकथित अस्पृश्य जातीचा. हिंदूंनी त्याला आपल्या दहनभूमीवर घेतले नाही. मुसलमानांच्या दफनभूमीतही त्याला जागा मिळाली नाही. अखेर ब्रॉकनहर्स्टच्या धर्मगुरूने त्याला गावच्या चर्चच्या आवारात मूठमाती दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याच्या थडग्यावर दगड उभारला. स्मरणाचा इतिहास लिहिताना नकाराचा हा इतिहासही लिहिला पाहिजे.

१०/२४
पॅचमच्या दहनभूमीवर स्मारक व्हावे, ही कल्पना मूळ कोणाची? ती एका भारतीयाची होती. भारतीय वैद्यकीय सेवेतील लेफ्टनंट दास गुप्त यांनी ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रायटनचे महापौर जॉन ऑटर यांच्यापुढे ती मांडली. ऑटर यांनी ती उचलून धरली. पुढे इंडिया ऑफिस आणि ब्रायटनची नगरपालिका यांनी सुमारे ५ हजार पौंडांचा खर्च वाटून घेतला. परदेशात सेवेसाठी आलेल्या माणसाने परदेशात मेलेल्या आपल्या माणसांसाठी केलेली ही मागणी होती. या धाग्यातील प्रवाशांची परंपरा येथून सुरू होते.

११/२४
आराखडा केला ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुशिल्पीने. जयपूरच्या इमारतींसाठी प्रसिद्ध असलेले सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांनी त्याला मार्गदर्शन केले. १९२० साली काम सुरू झाले. आठ खांब, त्यांवर घुमट, उंची २९ फूट, दगड सिसिलीचा संगमरवर. खालच्या अंगाला तीन मोठ्या ग्रॅनाइट शिळा आहेत. ज्या चौथऱ्यांवर चिता रचल्या गेल्या, ते चौथरे या शिळांखाली आहेत. लेख हिंदी, पंजाबी, उर्दू आणि इंग्रजीत कोरला आहे. एक मात्र नव्हते: त्या ५३ जणांपैकी एकाचेही नाव.

१२/२४
१ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड याने छत्रीचे अनावरण केले. नऊच दिवसांनी, १० फेब्रुवारीला, दिल्लीत आजच्या इंडिया गेटची पायाभरणी झाली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला हाच राजपुत्र मुंबईत उतरला, तेव्हा शहरात हरताळ होता, विदेशी कपड्यांची होळी पेटली होती. त्यातून उसळलेल्या दंगलीत ५० हून अधिक लोक मारले गेले. एकाच वर्षाच्या या तीन घटना शेजारी ठेवल्या की, छत्रीच्या नशिबी पुढे जे आले त्याचे कारण उमगते.

१३/२४
युद्धात साथ दिली तर स्वराज्य जवळ येईल, अशी आशा १९१४ साली अनेकांना होती. हाती आला रौलेट कायदा आणि एप्रिल १९१९ मध्ये जालियनवाला बाग. ज्या पंजाबने सर्वाधिक शिपाई दिले, त्याच पंजाबात गोळीबार झाला. साहजिकच, राजाच्या युद्धात पडलेल्या सैनिकांना राष्ट्रीय चळवळीच्या स्मृतीत जागा उरली नाही. इकडे ब्रिटनने आपल्या युद्धकथेत खंदकातला गोरा तरुण तेवढा ठेवला. हे सैनिक ना इकडचे राहिले, ना तिकडचे.

१४/२४
महाराष्ट्रातील गावोगावच्या वीरगळांशी ही स्थिती ताडून पाहता येते. गोधन राखताना वा गावाचे रक्षण करताना पडलेल्या वीराचा दगड गावकरी उभा करत. जेथे वंशज वा गाव त्याला शेंदूर लावत राहिले, तेथे तो देव झाला. जेथे माणसे पांगली, तेथे तोच दगड विहिरीच्या काठावर कपडे धुण्यास वापरला गेला. पॅचमच्या छत्रीजवळ तर तिचे असे गावच नव्हते. मृतांचे आप्त हजारो मैलांवर, आणि बहुतेकांना ही जागा कोठे आहे याची कल्पनाही नव्हती.

१५/२४
१९३० च्या दशकापर्यंत छत्रीच्या परिसराची आबाळ झाली होती. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने या टेकड्या सरावासाठी ताब्यात घेतल्या आणि संगमरवरावर गोळ्यांच्या खुणा उमटल्या. एका युद्धात मेलेल्यांचे स्मारक दुसऱ्या युद्धाच्या सरावात जखमी झाले. १९४५ नंतर ब्रिटिश युद्ध खात्याने तिची दुरुस्ती केली. दुरुस्ती झाली, तरी तेथे जाणार कोण, हा प्रश्न उरलाच. १९४७ नंतर तर हे सैनिक ज्या हिंदुस्थानचे होते, तो देशही नकाशावर त्या रूपात राहिला नव्हता.

१६/२४
१९५१ पासून माजी सैनिकांच्या 'रॉयल ब्रिटिश लीजन' या संघटनेने दरवर्षी छत्रीची यात्रा काढण्यास सुरुवात केली. ही प्रथा जवळजवळ अर्धशतक टिकली, हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु यात्रा काढणारे ते माजी सैनिक हळूहळू म्हातारे झाले आणि १९९९ च्या सोहळ्यानंतर संघटनेने ही जबाबदारी सोडली. त्याच वेळी प्रथा संपली असती, तर कोणी तक्रारही केली नसती. कारण तक्रार करण्याइतके हे स्मारक कोणाचेच उरले नव्हते.

१७/२४
ती संपली नाही. ब्रायटनमध्येच राहणाऱ्या एका शीख शिक्षकाने पुढाकार घेतला आणि २००० साली यात्रा पुन्हा निघाली. त्यानंतर तिच्यासाठी स्थानिक मंडळ उभे राहिले. यात सामील होणारे बहुतेक भारतीय वंशाचे लोक त्या ५३ जणांचे नातलग नव्हते. १९५० व ६० च्या दशकांत पंजाबातून कारखान्यांत कामाला आलेले, १९६८ ते १९७२ या काळात केनिया-युगांडातून उखडलेले, आणि त्यांची ब्रिटनमध्ये जन्मलेली मुले, अशी ही वस्ती होती. रक्ताचे नाते नसताना त्यांनी सुतक मानले.

१८/२४
का मानले? याचे एक उत्तर श्रद्धेत आहे, दुसरे हक्काच्या लढ्यात. १९६७ ते १९६९ या काळात वुल्वरहॅम्प्टनच्या शीख बसकर्मचाऱ्यांना पगडी घालून काम करता यावे, यासाठी झगडावे लागले. १९७६ साली मोटारसायकल चालवणाऱ्या शिखांना हेल्मेटमधून सूट देणारा कायदा झाला. या दोन्ही वादांत एक युक्तिवाद पुनःपुन्हा पुढे आला: याच पगडीने आमचे आजोबा तुमच्या खंदकांत लढले, तेव्हा ती कोणाला खुपली नाही. 'तुम्ही येथले नव्हे' असे ऐकवणाऱ्या देशात ती टेकडी हा पुरावा होता.

१९/२४
या स्मरणावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. साम्राज्यासाठी लढलेल्यांना पुष्पचक्रे वाहणे म्हणजे साम्राज्याला वाहणेच नव्हे काय? सैनिकांच्या निष्ठेचे गोडवे गायले जातात, तेव्हा हा धोका खरोखर असतो. परंतु बहुतेक शिपाई पगारासाठी, जमिनीच्या आशेने, घराण्याच्या वा गावाच्या इभ्रतीसाठी भरती झाले. अखेरच्या वर्षांत पंजाबात सक्तीही झाली. युद्ध कोणाचे होते, हे त्यांनी ठरवले नव्हते. मृत माणसाची आठवण आणि त्याला पाठवणाऱ्या सत्तेचे समर्थन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०/२४
याचा उत्तम दाखला म्हणजे नावांचा प्रश्न. २६ सप्टेंबर २०१० रोजी, दहनांना ९५ वर्षे उलटून गेल्यावर, छत्रीशेजारी राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाने उभारलेल्या शिळेचे अनावरण झाले. तिच्यावर त्या ५३ जणांची नावे कोरली आहेत. तोवर तेथे केवळ 'भारतीय सैनिक' होते. आता प्रत्येक जण आपल्या नावाने उभा आहे. साम्राज्याला अभिमानासाठी संख्या पुरत होती. नाव लागते ते ज्याला शोक करायचा असतो त्याला.

२१/२४
हा केवळ ब्रायटनपुरता प्रश्न नव्हता. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीनुसार नुसती संख्या लिहिली गेली. त्यांत मराठा पलटणींचे जवानही होते. एप्रिल २०२१ मध्ये समाधी आयोगाच्या चौकशी अहवालाने मान्य केले की, भारतीय, आफ्रिकी व इतर मिळून किमान ४५ हजार मृतांचे स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने झाले नाही. १ लाख १६ हजारांहून अधिक जणांचे तर नावाने, किंवा अजिबातच, झाले नाही. ब्रिटिश सरकारने संसदेत माफी मागितली.

२२/२४
वोकिंगच्या दफनभूमीची कथाही अशीच. मोडतोड आणि दुर्लक्ष यांमुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील सैनिकांचे अवशेष ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत हलवण्यात आले आणि मूळ जागा ओसाड पडली. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच कमानदार भिंतींच्या आत शांतिउद्यान खुले झाले. तेथे दोन्ही महायुद्धांतील २७ सैनिकांची आठवण जपली आहे. सरकारेही याच सुमारास जागी झाली: भारताच्या पंतप्रधानांनी एप्रिल २०१५ मध्ये नव्ह शापेलच्या स्मारकाला भेट दिली, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समधील व्हिलेर-गिस्लँ येथे भारताने स्वतःचे स्मारक उभारले. ब्रायटनचे प्रवासी त्याआधी पंधरा वर्षे टेकडी चढत होते.

२३/२४
आता घराकडे वळून पाहू. कोकणात आणि साताऱ्याकडे अनेक गावांत, चावडीच्या वा शाळेच्या भिंतीवर, एक लहानशी संगमरवरी पाटी आढळते: या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. गाव आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात, समुद्रातच समाधी मिळालेल्या २ हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक आहे. रोज त्यावरून जाणाऱ्या शेकडो लोकांना ते ठाऊक नाही. पाटी घरची असली, तरी वाचणारा नसेल तर तीही परदेशातच असते.

२४/२४
१९१५ साली दास गुप्त यांनी स्मारक मागितले, मुंबईच्या हेन्रिक्सने ते रेखले, ब्रिटिश माजी सैनिकांनी अर्धशतक वाट मळलेली ठेवली आणि पुढे स्थलांतरितांच्या पिढीने ती आपली मानली. या साखळीतील एकानेही त्या ५३ जणांना जिवंतपणी ओळखल्याचे कोठे नोंदलेले नाही. अपवाद असलाच तर त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. जूनच्या त्या रविवारी टेकडीवर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि माणसे पुन्हा पायवाटेने उतरून आपापल्या घरी, म्हणजे इंग्लंडमधील घरी, जातात. आपल्या गावच्या भिंतीवरची पाटी शोधून तिच्यावरचा आकडा वाचायला आणि त्या आकड्यामागची नावे गावातल्या जुन्या माणसांना विचारायला मात्र कोणतीही टेकडी चढावी लागत नाही.